रबरी मासा आणि म्हातारा मरळ

गळाला आमिष म्हणून लावायचे रबराचे मासे नुकतेच निघाले होते, तेव्हाची गोष्ट. एका तलावात एक म्हातारा मरळ मासा आपल्या पिल्लांच्या थव्यावर पहारा देत असे. थव्याजवळ कोणी आले की भूक नसली तरी त्याला चावून हाकलायचे, ही मरळांच्या कुळाची रीत.

काठावरचा गळवाला हे जाणून होता. त्याने डबीतून आधी पांढरा रबरी मासा निवडून टाकला, मग हिरवा, मग बोटाएवढा. प्रत्येकाची चपटी शेपटी छान हलत होती. मरळ प्रत्येकाच्या जवळ जाऊन, बघून मागे फिरला.

“खात का नाहीस, मरळोबा?” एका खेकड्याने विचारले. “दात पडले की काय?”

“मी जवळ गेलो तरी याची शेपटी त्याच तालात हलते. मला न घाबरणारा चिमुकला मासा मी अजून पाहिलेला नाही.”

तेवढ्यात एक करडा मासा थेट पिल्लांच्या मधोमध पडला. हाही खोटाच, असे मरळाला वाटले. पण आपला तर्क चुकला तर पिल्ले जातील. तो धावला आणि तोंड घट्ट मिटून त्याने कपाळाने धडक दिली. रबरी मासा दूर फेकला गेला. गळाने मरळाचे कपाळ मात्र फाटले.

“खोटा आहे हे कळले होते ना? मग डोके कशाला फोडून घेतलेस?”

“कळले होते, म्हणून तोंड मिटले,” मरळ म्हणाला. “पण माझे कळणे कितीदा तरी चुकले आहे, म्हणून धडक दिली.”

मग त्याने थव्याभोवती एक फेरी मारली, आणि खात्री न वाटल्याने आणखी एक.