बुवांचं खाकरणं

"पण हा कफ येतो तरी कुठून, माई?"

अनंतबुवा खांबेटे कीर्तनकार. पंचक्रोशीत आपल्या आवाजाला तोड नाही, असं ते स्वतःच सांगत. पण वर्षभर घसा सारखा भरलेला. यंदा रामजन्माला दुसरे बुवा बोलवावेत, असं उत्सवाच्या पंचांच्या मनात घोळत होतं. ते कानावर आलं आणि बुवांची झोप उडाली. त्यांनी नदीकाठचा निरंजनमाईंचा मठ गाठला.

"डॉक्टर म्हणतात, गाठबीठ काही नाही. ज्येष्ठमध झाला, हळदीचं दूध झालं, वाफ झाली..."

"उपाय चांगलेच आहेत की. जेवता कधी?"

"कीर्तन उरकल्यावर. यजमान सोडतात होय? पुरणपोळी, तूप, कटाची आमटी..."

"मग?"

"मग आडवा होतो."

"पोटातलं आंबट वर येतं. घसा बिचारा कफ पांघरून बसतो."

बुवा चकित झाले. वर्षभर ते शत्रू समजून ज्याच्या मागे लागले होते, ते साधं पांघरूण निघालं.

"मग ते काढायचं कसं?" त्यांनी जोरात खाकरून विचारलं.

"ओढून नाही. खाकरलं की घसा सोलवटतो, आणि अजूनच पांघरतो." माईंनी कोमट पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. "खाकरावंसं वाटलं की एक घोट घ्या."

इतक्यात गावातली तुळसाक्का आली आणि पायरीवर टेकली.

"सून म्हायेरी गेली, माई. माझ्याच तोंडानं गेली बघा..."

बुवा खाकरले. घरात शिरताना पुरुषानं खाकरावं आणि बायकांनी सावरून बसावं, ही जुनी रीत. तुळसाक्कानं पदर सारखा केला आणि ती गप्प झाली.

माईंनी तांब्याकडे बोट दाखवलं. बुवांनी मुकाट्यानं घोट घेतला.

"भाकरी करपली हुती, येवढंच. आन् मी तिच्या आईबापाचा उद्धार केला..."

बुवांचा घसा पुन्हा कफानं भरून आला. दुसऱ्या कुणी तोंड उघडलं की तो हटकून भरतो, हे बुवांच्या प्रथमच ध्यानात आलं. त्यांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी आणखी एक घोट घेतला.

तुळसाक्का अडखळत, डोळे पुसत बोलत राहिली. सुगंधा गेल्यापासून चूल पेटवायलाही जीव होत नाही म्हणाली. उद्या आपणच जाऊन तिची माफी मागते म्हणाली, आणि उठून गेली.

ती दिसेनाशी होईपर्यंत बुवा वाटेकडे बघत राहिले.

बुवांनी गळ्याला हात लावला.

"माई, घसा मोकळा वाटतोय. पाण्यानंच ना?"

"तिच्या सुनेचं नाव काय, बुवा?"

"सुगंधा."

"म्हणजे ऐकलंत. मग गा आता."