भराव चढून आलेला पाऊस

भर उन्हाळ्यात दौलतराव ढोबळेंचं शेततळं काठोकाठ भरलेलं होतं आणि शेजारच्या सारजाबाईच्या विहिरीत खडक दिसत होता. तिच्या दोनशे डाळिंबांची पानं गळायला लागली होती. तरीही दौलतरावांना आपल्या बागेसाठी दुसरं तळं हवं होतं, पहिल्याच्या दुप्पट. अशी तळी पावसाचं पाणी साठवायलाच मंजूर होतात. मंजुरीसाठी कृषी खात्याचे साहेब पाहणीला आले, तेव्हा सारजाबाईही त्यांच्यामागे भरावावर चढली.

"सगळं पावसाचं पाणी आहे, साहेब," दौलतराव म्हणाले. "आम्ही थेंब वाया जाऊ देत नाही. लोक नुसते रडत बसतात."

सारजाबाईनं तळ्याभोवती एक फेरी मारली.

"दौलतराव, चारी बाजूंनी डोक्याएवढा भराव हाय. रानातलं पाणी आत यायला वाट कुठाय? पाऊस भराव चढून आला व्हय?"

साहेबांनीही पाहिलं. वाट नव्हतीच. चार बोअर उपसून तळं भरायचं पहिल्यापासून ठरलेलं, तिथं पावसाला वाट ठेवायचं कुणाला सुचणार?

"आभाळातनं सरळ आत पडला!" दौलतराव गुरकावले.

"मग माझ्या हिरीचं तोंडबी आभाळाकडंच हाय की!"

साहेबांनी फाईल मिटली. मंजुरी लांबली.

आठ दिवसांत दौलतरावांनी भरावात सिमेंटची सुबक वाट बांधून घेतली. चारही बोअर चालूच होते. वाट पावसासाठी नव्हती, पुढच्या पाहणीसाठी होती.