वेशीवरचं गोड ताट

खूप जुनी गोष्ट आहे, बाळांनो; मोठ्यांनीही ऐकावी अशी. डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. त्याचं नाव आता कुणाला आठवत नाही.

एके वर्षी खालच्या मुलखात साथ आली. घरंच्या घरं ओस पडू लागली. गावाने वेशीचा दरवाजा लावून घेतला आणि पहाऱ्याला एक मेंढपाळ बसवला. त्याची नजर घारीची होती. दिवसभर डोंगर तुडवणारा तो माणूस आता वेशीजवळच्या बाजेवर बसून राहू लागला.

कामाला तो चोख होता. परक्याला तो बाहेरच थांबवी, लांबूनच भाकर-पाणी देई आणि परत पाठवी. साथ आत आली नाही.

गावाला त्याचे उपकार फेडावेसे वाटले. रोज एकेका घरातून त्याला गोडाचं ताट जाऊ लागलं. आज पुरणपोळी, उद्या शिरा, परवा बासुंदी.

"आता पुरे, माई," तो कधी म्हणे.

"वा रे वा! पाटलांच्या घरचं चालतं, आमचंच कडू लागतं होय?" बायका रुसत. मग तो खाई.

वर्ष सरलं. त्याची तहान भागेना. लेक तानी घागरी भरभरून आणी. एकदा तिने पाहिलं, तो भिंतीआड जिथे लघवीला बसे, तिथे मुंग्यांची रांग लागली होती. ती धावत जाऊन वैद्यबुवांना घेऊन आली.

"गड्या, गोड सोड," वैद्यबुवा म्हणाले. "रोज तटाच्या कडेने चालत जा. हे दुखणं वाजतगाजत येत नाही, पण माणसाला नेतं."

तो हसला. "खाली माणसं पटापट मरताहेत, आणि तुम्ही मला मुंग्या दाखवता! आधी साथ जाऊ द्या, मग चालीन."

"आबा, तेवढा वेळ मी पहारा करते," तानी म्हणाली.

"वेडी गं माझी! साथ शिरली तर तुझं कसं होईल?" असं म्हणून त्याने पुढचं ताट ओढलं.

तानी घरोघरी गेली, गोड पाठवू नका म्हणून हात जोडले. बायका म्हणाल्या, "बघा, लेकीलाच बापाचं सुख बघवेना!"

पुढे त्याच्या पायात काटा रुतला. त्याला तो कळलाच नाही. जखम काळी पडली आणि कुठल्याच लेपाने भरेना.

अखेर साथ ओसरली. ढोल वाजले. "दार उघडायचा मान तुझाच!" म्हणत गाव वेशीवर जमलं. त्याला उठवेना. चौघांनी धरून उभं केलं, तेव्हा त्याने अडसर काढला.

तिसऱ्या दिवशी ढोलांच्या गजरात पाटलांनी पारावर नारळ फोडला. "देवाची कृपा!" ते म्हणाले. "एवढी साथ आली, पण आपल्या गावातला एकही माणूस गेला नाही."

"एक गेला."

सगळ्यांनी वळून पाहिलं. मागे तानी अनवाणी उभी होती.

ढोल थांबले. त्या दिवशी जिच्या घरची पाळी होती, ती बाई शिऱ्याचं ताट घेऊन वाटेतच थबकली. ते आता कुठे न्यावं, हे तिला कळेना.

तात्पर्य: वेशीवर पहारा हवाच, पण जे मरण रोजच्या ताटातून हळूहळू येतं, त्याच्यावरही तितकीच नजर हवी.