तळाचे पाणी

एकदा एका व्यापाऱ्याच्या घरी एक वृद्ध साधू आपल्या शिष्यासह भर दुपारी आले. व्यापारी सज्जन होता, हात सढळ, वाणी गोड. पण चेहरा उतरलेला. त्याची लहानगी मुलगी रेवा वर्षभर पोटाच्या दुखण्याने हैराण होती. वैद्य झाले, मात्रा झाल्या, नवस बोलून झाले. चार दिवस बरी, की पुन्हा अंथरूण. पोर दिवसेंदिवस वाळत चालली होती.

मागच्या पडवीत दगडी हौद होता. घरातले पिण्याचे पाणी त्यातलेच. छपराच्या फटींतून ऊन त्या पाण्यावर उतरे आणि त्याचे कवडसे वरच्या तुळयांवर संथ हलत राहत. तिथे बसले की डोळे आपोआप मिटत. व्यापारी तर तासन्‌तास तिथेच बसून राही. पाहुण्यांनाही त्याने तिथेच बसवले.

"माझी आई नर्मदेची परिक्रमा करून आली," तो सांगू लागला, "तेव्हा तिने आणलेला कलश या हौदात रिता केला. थोड्याच दिवसांत ती गेली. त्यानंतर हौद मी कधी पुरता उपसू दिला नाही. अर्धा झाला की वरून ताजे पाणी ओततो. म्हणजे तिचे जल थोडे तरी उरतेच ना, महाराज?" मग त्याचा आवाज खाली आला. "ती स्वप्नात येते. हातात तांब्या असतो. हौदात वाकून पाहते आणि पाणी न घेताच परत जाते. बोलत काहीच नाही."

इतक्यात त्याच्या पत्नीने चांदीच्या पेल्यांतून पाणी आणले. शिष्याच्या घशाला कोरड पडली होती. त्याने हात पुढे केला, तोच गुरूंनी त्याचे मनगट धरले.

"थांब, बाळ. वरचे पाणी आपल्याला नको. यांच्या मातोश्रींचे जल तळाशी असेल. तेच घेऊ."

शिष्य बुचकळ्यात पडला. वाटेतल्या कुठल्याही झऱ्यावर निमूट ओंजळ धरणारे गुरू आज चोखंदळ कसे झाले? पण आज्ञा ती आज्ञा. त्याने तांब्याला दोर बांधला, हौदात सोडला आणि तळावरून खरवडत वर ओढला. पाणी डहुळले. तुळयांवरचे कवडसे विस्कटले. तांब्यात काळपट हिरवा गाळ होता, पारव्याचे कुजलेले पीस होते आणि त्यात बारीक अळ्या वळवळत होत्या.

साधूंनी डोळे मिटून नमस्कार केला आणि शांतपणे तांब्या ओठांशी नेला.

"अहो महाराज, नका!" व्यापाऱ्याने झडप घालून त्यांचा हात धरला. तांब्या खणखणत फरशीवर पडला. "हे काय पिताय? जिवावर बेतेल!"

"का बरे? तीर्थ आहे ना?"

व्यापाऱ्याने फरशीवर सांडलेल्या अळ्यांकडे बोट दाखवले.

"शेठ, मला एका घोटापासून वाचवलेत. तुमची रेवा रोज हेच पिते. तिची मात्रासुद्धा यातच उगाळता."

त्याची पत्नी इतका वेळ दाराशी उभी होती. ती म्हणाली, "घागरी मी रोज चिंचेने घासते, महाराज. पण हौदाला हात लावायची सोय नाही." आणि तिला रडू आवरेना.

साधूंनी व्यापाऱ्याला जवळ बसवले. "तुमच्या आई घरी असताना पाण्याचे काय करीत?"

"पहाटे उठून शिळे पाणी झाडांना घालायची," तो आठवत म्हणाला, "हंडा राखेने घासायची. मग फडक्यातून गाळून ताजे भरायची. एक दिवस चुकला नाही."

"नर्मदा वाहते म्हणून ती नर्मदा. तिला कोंडली तर तिचेही डबके होते. माणूस गेल्यावर त्याची वस्तू जपणे सोपे, त्याची रीत जपायला कंबर वाकवावी लागते. तुम्ही आईचे पाणी धरून ठेवलेत आणि तिचा हात विसरलात."

संध्याकाळपर्यंत हौद रिकामा झाला. पाणी बागेतल्या झाडांच्या मुळाशी गेले. व्यापारी स्वतः काथ्या आणि राख घेऊन आत उतरला. घासता घासता त्याचा हात गोल गोल फिरू लागला, थेट आईचा फिरायचा तसा. ते ध्यानात आले मात्र, आणि तो हौदात बसून ढसाढसा रडला. मग ताजे पाणी गाळून भरले गेले, वर घट्ट झाकण आले, पाण्यात हात बुडू नये म्हणून लांब दांड्याचे ओगराळे आले. रेवासाठी पाणी उकळून ठेवण्याचे ठरले. साधू नव्या पाण्याचा पेला पिऊन वाटेला लागले.

पुढे पावसाळा सरल्यावर शिष्य एकटाच त्या वाटेने आला. अंगणात रेवा लंगडी घालत होती. व्यापारी हसतमुखाने सामोरा आला, पण पडवीत बसल्यावर हळूच म्हणाला, "पोर ठणठणीत आहे हो. पण हौद उपसल्यापासून आई स्वप्नात आलीच नाही. रागावली का?"

शिष्याने झाकण सारून हौदात पाहिले. तळाचा दगड स्वच्छ दिसत होता. रेवाने ओगराळ्याने पाणी काढून पेला पुढे केला. त्याने तो सावकाश संपवला.

"रागावल्या नाहीत," तो म्हणाला. "तहान भागल्यावर पाणवठ्यावर कोण थांबते?"

आपल्या गच्चीवरच्या टाकीचा तळ शेवटचा कधी पाहिला, ते ज्याने त्याने आठवून पाहावे.