ओढून बसवलेला वॉल्व्ह

उंच डोंगरावरच्या एका गावात थंडी अशी पडे, की सकाळी हंड्यातले पाणी फोडून घ्यावे लागे. म्हणून गावाने मधोमध एक भट्टी बांधली होती. तिच्यावर तापलेले पाणी पाइपांतून घरोघर जाई आणि भिंतीवरच्या लोखंडी रेडिएटरमध्ये फिरून खोल्या उबदार ठेवी. थंडीच्या तोंडावर भट्टी पेटे, तेव्हा बायका एकमेकींच्या घरी जाऊन रेडिएटरला हळदकुंकू लावत. त्या दिवशी ज्या घरचा रेडिएटर गार, त्या घराची चर्चा पुढच्या थंडीपर्यंत पुरे.

या गावात केरबा नावाचा फिटर होता. त्याच्या मनगटाची ख्याती मोठी. पाइप तिरका असो की नट आडमुठा, केरबाचा पान्हा लागला की जुळलेच. त्याच्या वस्तादाने त्याला शिकवले होते, "नट आधी बोटांनी फिरला पाहिजे. फिरत नसेल तर रेडिएटर सरकव, पान्हा उचलू नकोस." पण बोटांनी फिरणाऱ्या नटाचे कौतुक कोण करतो?

त्याच गावात अंबूबाई राहत होती. तिच्या नवऱ्याला, दादबांना, दमा होता. खोली गार पडली तर हे थंडी काढणार नाहीत, असे वैद्याने बजावले होते. घरात नुकतेच मुलाचे लग्न झाले होते. वेणू नावाची सून आली होती. लग्नासाठी भिंतींना नवा रंग दिला होता आणि दादबांच्या खोलीत नवा रेडिएटर टांगला होता.

भट्टी पेटायच्या आदल्या दिवशी केरबा जोडणीला आला. बघतो तर रेडिएटरच्या वॉल्व्हचे तोंड एकीकडे आणि भिंतीतून आलेला पाइप बोटभर दुसरीकडे. नट आट्यांवर चढेना. रेडिएटरच्या खुंट्या उखडून सरकवायला हव्या होत्या. केरबाला हे कळत होते. त्याने तसे अर्धेमुर्धे सांगितलेही.

"नव्या रंगाला हात लावायचा नाही," अंबूबाई म्हणाली. "उद्या बायका येतील. त्यांना काय भोकं दाखवू? आणि तुमच्या मनगटाला काय झालं, केरबा?"

केरबाने पान्हा उचलला. पाइप ओढला, गळू नये म्हणून आट्यांवर सूत गुंडाळले, सफेदा थापला आणि नट कचकचून आवळला. पाणी सोडून पाहिले. थेंबही आला नाही.

वेणू चहा घेऊन आली होती. ती हळूच म्हणाली, "पाइप ताणल्यासारखा दिसतोय."

"नवं आहे, सूनबाई. रुळेल," केरबा म्हणाला. "तुम्ही नाही का रुळत?"

सगळे हसले. वेणूही हसली, कारण अशा वेळी नव्या सुनेने हसायचे असते. तिचा नवरा भिंतीचा रंग बघत राहिला.

हळदकुंकू थाटात झाले. रंगाचे कौतुक झाले. पुढे नटाखाली थेंब दिसू लागला. वेणूने खाली वाटी ठेवली. केरबा येऊन नट आणखी आवळून गेला. वाटी पुन्हा भरली, तो पुन्हा आवळून गेला.

"सासूबाई, खुंट्या सरकवून घेतल्या तर?" वेणूने विचारले.

"तुला या घरात येऊन किती दिवस झाले गं?" सासूने विचारले. विषय संपला.

मग बर्फ पडले आणि घाट बंद झाला. गावाने भट्टी जोरात पेटवली. पाइप तापून लांबला, आणि आधीच पिळवटलेल्या वॉल्व्हची मान तडकली. कढत पाणी खोलीभर झाले. केरबा धावत आला आणि सवयीने पान्हाच लावला. मान तुटून त्याच्या हातात आली.

घराचे पाणी बंद करावे लागले. नवा वॉल्व्ह घाटाखालून यायचा होता. दादबांना शेजारी न्यावे, तर बाहेरचा वाराच त्यांना सोसला नसता. शेगडी पेटवली, तर धुराने धाप वाढली. गोधड्यांच्या ढिगाखालून ते वेणूला म्हणाले, "तू बोलली होतीस, पोरी. मी ऐकलं होतं. मी बोलायला हवं होतं." घाट उघडायच्या आत ते गेले.

वॉल्व्हच हलका होता, असे केरबा म्हणाला. सुनेचा पायगुण, असे अंबूबाई म्हणाली. गावाला दोन्ही पटले.

घाट उघडल्यावर नवा वॉल्व्ह आला. भिंतीचा रंग अजून चांगला होता. केरबाने पाइप ओढला, सूत गुंडाळले, नट आवळला.

"थेंब येतोय का बघा, सूनबाई."

पाइप आता पूर्वीपेक्षाही वाकला होता. वेणूला तो दिसला.

"नाही," ती म्हणाली, आणि वाटी आणायला आत गेली.

"रुळली हो आता," अंबूबाई समाधानाने म्हणाली.

तात्पर्य: जे सरळ करायला हवे ते जोराने ओढून जुळवले, तर ऐन गरजेला ते तुटते, आणि वेळीच सांगणाऱ्याला गप्प बसवले, तर पुढच्या वेळी सांगणारेही कोणी उरत नाही.