सतराव्या मिनिटाला काळा पडदा

“यात तू काय काय बदललं होतंस?” हुद्दारबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

“सांगितलं ना बाई. माझ्या दुकानातून गेलं तेव्हा मशीन उत्तम चालत होतं.”

“मी ते विचारलं नाही.”

प्रणित आवटीनं घड्याळाकडे पाहिलं. दुकान अर्धवट टाकून त्याला यावं लागलं होतं, आणि तेही एका गिऱ्हाइकासमोर उभं राहून जबाब द्यायला. राग त्याच्या मानेपर्यंत चढला होता.

वासंती हुद्दार तीस वर्षं तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झाल्या होत्या. इचलकरंजीतल्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी दुरुस्तीचं टेबल मांडलं होतं. याच टेबलावर प्रणित चार वर्षं त्यांच्या हाताखाली शिकला. आता स्टँडजवळ त्याचं स्वतःचं दुकान होतं. ग्राफिक्स कार्ड, म्हणजे संगणकातला चित्र उभं करणारा भाग, कंपनीनं ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवून द्यायचं, ही त्याची खासियत. ओव्हरक्लॉक करावं तर प्रणितनंच, असं गेम खेळणारी सगळी पोरं म्हणत. तोही म्हणे.

टेबलाच्या पलीकडे रुक्सार मुल्ला उभी होती. बाईंनी दोनदा बस म्हटलं तरी ती बसली नव्हती.

रुक्सार कॉलेजच्या मुलींच्या गेमिंग टीमची कॅप्टन. पाच मुली, पाच मशीन. त्यातलं तेजल खेळायची ते मशीन तिनं रिक्षात घालून इथं आणलं होतं. सांगलीच्या स्पर्धेत अंतिम सामन्यात, गेममधल्या बंदराच्या नकाशात खेळ ऐन रंगात आलेला असताना, तेजलचा पडदा काळा पडला. मशीन परत सुरू होईपर्यंत चौघींना पाचजणींशी खेळावं लागलं. त्या हरल्या. तिसऱ्या वर्षाच्या मुलींची ती शेवटची स्पर्धा होती.

दुसऱ्या दिवशी प्रणितला बोलावलं. त्यानं पाच मिनिटं मशीन पाहिलं आणि निकाल दिला, की तेजलनं आपल्या मनानं आवाजाचा एक प्रोग्राम यात टाकलाय, त्यानंच घोळ झाला. वर म्हणाला, असल्या हातात चांगलं मशीन देऊच नये.

रुक्सारनं सगळ्यांसमोर तेजलला टीममधून काढलं. त्या दिवसापासून तेजल कॉलेजला आली नाही. फोनही बंद. आज सहा दिवस झाले होते.

आणि काल रुक्सारनं तो प्रोग्राम काढून टाकला, स्वतः त्याच मशीनवर बसली... आणि बंदराच्या नकाशात पडदा काळा पडला.

म्हणून ती प्रणितकडे न जाता बाईंकडे आली होती.

“तीन गोष्टी बदलल्या,” प्रणित शेवटी म्हणाला. “चिपचा वेग वाढवला. मेमरीचा वेग वाढवला. आणि कार्ड तापू नये म्हणून व्होल्टेज थोडं उतरवलं.”

“तिन्ही एकदम?”

“एकदमच करतात.”

“कोण करतात?”

प्रणित भराभरा बोलत सुटला. अर्ध्या तासाची चाचणी आपण लावली होती आणि त्यात कार्ड पास झालं होतं. गावात यंत्रमाग इतके, की विजेचा दाब कधी एकसारखा नसतो. उन्हाळा आहे, मुली खोलीची खिडकी बंद ठेवून खेळतात. कार्ड चालवणारा ड्रायव्हर प्रोग्राम नवा आलाय, त्यातही गडबड असू शकते. शिवाय गेमच मुळात नीट बनवलेला नाही.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग यातलं तू काय काय तपासलंस, एवढंच विचारलं.

“सगळं कंपनीच्या वेगावर आण,” बाई म्हणाल्या. “आणि त्या मुलीचा प्रोग्राम परत टाक.”

“तो कशाला?”

“टाक.”

त्यानं टाकला. कीबोर्डवरची बटणं तो गरजेपेक्षा जोरात दाबत होता.

मग बाईंनी रुक्सारला खेळायला बसवलं. बंदराचाच नकाशा लावायला सांगितला. रुक्सार दोन तास खेळली. बाई मधे उठून भात लावून आल्या. प्रणित मनगटावरच्या घड्याळाकडे आणि पडद्याकडे आळीपाळीनं बघत राहिला. पडदा एकदाही काळा पडला नाही.

प्रणित ताडकन उठला. कंपनीच्या वेगावर कुठलंही मशीन चालेल, म्हणाला. त्यासाठी लोक माझ्याकडे कशाला येतील? मग मी शिकलो काय?

“आता फक्त चिपचा वेग वाढव,” बाई म्हणाल्या. “तू ठेवला होतास तितकाच. बाकीच्याला हात लावू नकोस. आणि दर सेकंदाला किती चित्रं येतात, ते या कागदावर लिही.”

आधी, कंपनीच्या वेगावर, एकशे बेचाळीस येत होती. आता एकशे एकोणपन्नास आली. तासभर खेळून झालं, काही बिघडलं नाही. प्रणितनं आकडा मोठा लिहिला आणि कागद रुक्सारच्या समोर सरकवला. रुक्सारनं तो पाहिलाही नाही.

“आता मेमरी. तू ठेवली होतीस तितकी.”

यावेळी तो खुर्ची ओढून पडद्याजवळ बसला. आता हा आकडा उडी मारणार, हे त्याला माहीत होतं.

आकडा एकशे चव्वेचाळीसवर आला.

त्याला वाटलं, मोजणीत चूक झाली. त्यानं परत लावलं. एकशे चव्वेचाळीस. बंदराच्या पाण्यावर हिरवे, जांभळे ठिपके चमकून जायला लागले होते. रुक्सारला ते ओळखीचे होते. स्पर्धेच्या आधी तेजल तिला म्हणाली होती, की पाण्यावर काहीतरी दिसतंय. तेव्हा तिनं हसण्यावारी नेलं होतं. आता तिनं ते बाईंना सांगितलं, खाली मान घालून.

सतराव्या मिनिटाला पडदा काळा पडला.

प्रणित म्हणाला, तो प्रोग्राम अजून आतच आहे, त्यानंही झालं असेल.

“काढ मग तो.”

त्यानं काढला आणि गेम परत सुरू केला. ठिपके आले. वीस मिनिटं होतात न होतात तोच पडदा पुन्हा काळा पडला.

“मेमरीला जेवढा वेग जास्त दिलास, त्यातला निम्मा उतरव.”

“उतरवल्यावर आकडा आणखी खाली जाणार ना बाई.” त्याचा आवाज चढला होता. “वेग कमी केला की काम कमी होणार, एवढं तर कोणालाही कळतं.”

“उतरव.”

त्यानं उतरवला. ठिपके गेले. आकडा वर चढायला लागला आणि एकशे त्रेपन्नवर जाऊन थांबला. तीन वाजले, चार वाजले, तरी तो तिथंच होता. पडदा स्वच्छ.

प्रणित त्या आकड्याकडे बघत राहिला. दुकानाच्या काचेवर त्यानं आजवर जे मोठमोठे वेग लिहून लावले होते, त्यातला एकही त्यानं असा तासभर बसून पाहिला नव्हता.

“कसं काय?” त्यानं विचारलं. पण विचारण्यातही रागच होता.

बाईंनी थोडक्यात सांगितलं. तू मागत होतास तो वेग मेमरीला झेपत नव्हता. तिच्याकडून चुका होत होत्या. चूक झाली, की ती गुपचूप तेच काम परत करते. वरून बघणाऱ्याला वेग मोठा दिसतो. आत मात्र ती आपल्या चुका निस्तरण्यातच दमत असते. आणि निस्तरणंही जमेनासं झालं, की पडदा काळा.

“पण चाचणीत पास झालं होतं.”

“चाचणी तूच निवडली होतीस.”

प्रणितनं तोंड फिरवलं.

तेवढ्यात रुक्सार बोलली. दिवसभरात ती प्रणितशी थेट पहिल्यांदाच बोलत होती, आणि आवाज न चढवता बोलत होती.

“म्हणजे तेजलचं काहीच चुकलं नव्हतं. असल्या हातात मशीन देऊ नये, म्हणालात तुम्ही. पाच मिनिटांत. तुम्हाला सगळे मानतात, म्हणून मी ऐकलं. ती सांगत होती, मी काही केलं नाही म्हणून. मी तिचं ऐकलं नाही, तुमचं ऐकलं.”

प्रणित झटकन टेबलाकडे वळला आणि मशीनचं झाकण उचललं. हे आत्ताच्या आत्ता पक्कं करून देतो, म्हणाला. आतली धूळ काढतो, आणखी एक पंखा बसवतो, उरलेली चारही मशीन घेऊन ये, तीही बघतो. बोलता बोलता तो आतल्या कार्डाचे स्क्रू आवळत होता. एक स्क्रू वाकडा गेला. तो तसाच जोर लावत राहिला.

बाईंनी त्याच्या हातातून स्क्रूड्रायव्हर काढून घेतला.

चार वर्षांत त्यांनी असं कधी केलं नव्हतं. वाकडी जोडणी केली, कार्ड जाळलं, तरी त्याच्या हातातलं काम त्यांनी काढून घेतलं नव्हतं. प्रणितचा चेहरा लाल झाला.

“हे मी लावते,” त्या म्हणाल्या. “तू जा.”

“कुठं?”

बाई वाकडा गेलेला स्क्रू उलटा फिरवत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. तेजलचा पत्ता रुक्सारनं सांगितला. पाण्याच्या टाकीच्या मागची गल्ली, निळ्या जाळीचं घर.

तो बराच वेळ उंबऱ्याशी उभा राहिला. मग चपला पायात सरकवून, दार आपटून गेला.

रुक्सार आता कुठं खुर्चीवर बसली. आपल्यालाही जायला हवं, असं ती दोनदा म्हणाली, आणि दोन्ही वेळा बसूनच राहिली. बाईंनी तिला ताटात भात वाढून दिला. तिनं तो चिवडला. पाच दिवस मी तेजलवर चिडले होते, मग कालपासून प्रणितवर, आता कोणावर चिडू, असं तिनं विचारलं. बाईंनी तिच्या भातावर आमटी वाढली.

तासाभरानं प्रणित परत आला. गेला होता त्याहून जास्त संतापलेला.

उभ्या उभ्याच त्यानं सगळं सांगितलं. दार तेजलच्या आईनं उघडलं. तेजल बाहेर आली, जाळीच्या दाराशी उभी राहिली. आत या म्हणाली नाही. त्यानं पायरीवरूनच सांगितलं, की चूक कार्डाच्या सेटिंगची होती, ते सेटिंग मी केलं होतं, तुझ्या प्रोग्रामचा काही संबंध नव्हता. समोरच्या ओट्यावर बायका बसल्या होत्या, त्यांनीही ऐकलं. सगळं ऐकून झाल्यावर तेजलनं एकच विचारलं, हे तुम्हाला त्या दिवशी तपासता आलं नसतं का?

“काय म्हणालास?” बाईंनी विचारलं.

“आलं असतं म्हणालो.”

“मग?”

“मग तिनं तोंडावर दार लावलं.” त्याचा आवाज फाटला. “खरं सांगितलं, बाई. सगळ्या गल्लीसमोर सांगितलं. आयुष्यात कोणासमोर असं बोललो नव्हतो. काय मिळालं?”

“हार घालायला हवा होता का तिनं?” रुक्सार म्हणाली.

प्रणित तिच्याकडे वळला. दोघांचे श्वास जोरात चालले होते. बाईंनी शेवटचा स्क्रू बसवला, मशीनवरून फडकं फिरवलं आणि ते टेबलाच्या कडेला सरकवून ठेवलं.

“दार आतून लावलं ना तिनं?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“म्हणजे ती घरात आहे,” बाई म्हणाल्या, या वेळी रुक्सारकडे बघून.