व्हेरलाकचे फुटके पीप

फ्रान्सच्या दक्षिणेला व्हेरलाक नावाचा जुना द्राक्षमळा आहे. तिथली लाल वाइन नावाजलेली. मळ्याच्या दगडी कोठारात माणसाच्या दुप्पट उंचीचे एक लाकडी पीप आहे. त्याची तळाची फळी फुटलेली. ती कुणी बदलत नाही. पाहुणे आले की म्हातारा ओनोरे टोपी काढतो, फळीवर हात ठेवतो आणि सावकाश सांगू लागतो.

फार मागे, असे सांगतात, आन्सेल्म इथे वाइन करायचा. वाइन काढून घेतली की पिपात द्राक्षांचा चोथा उरतो. तो उपसायला आत उतरावे लागते. पण आंबलेल्या चोथ्यावर जड, विषारी हवा साचते. ती दिसत नाही. लोक तिचे नावही घेत नसत, नुसते 'ती' म्हणत. म्हणून आधी दोरीने जळती मेणबत्ती आत सोडायची; विझली, तर आत उतरायचे नाही.

एका वर्षी मेणबत्ती प्रथमच आन्सेल्मची लेक सोलांज हिच्या हातात आली. ती शिडीने पिपाच्या काठाशी चढली. गडी खालून चेष्टा करत होते. "जपून गं, बापाआधी तूच आत जाशील!" तिने दोरी आत सोडली. ज्योत अर्ध्यावर गेली आणि विझली.

"जळतेय का गं?" बापाने विचारले.

तिला हसे होण्याची भीती वाटली. "वाऱ्यानं विझली, बाबा. परत लावते."

"राहू दे मग," म्हणत तो शिडीने उतरला.

कोठाराची दारे तर बंद होती. वारा कुठला? हे तिच्या ध्यानात आले तेव्हा आतले फावडे थांबले होते.

तिने हाक मारली. ओ आली नाही. एक गडी आत उतरू लागला, तर तिनेच त्याला कमरेला मिठी घालून मागे ओढले. "आत ती आहे!" मग कुऱ्हाड उचलून ती तळाच्या फळीवर घाव घालत सुटली. फळी फुटली. चोथ्याचा लाल लोंढा तिच्या पायांवर आला, आणि त्याच्यासोबत, कुणाला न दिसता, 'ती'ही बाहेर पडली म्हणे. दारे सताड उघडली. लांब लोखंडी आकड्याने बापाला ओढून काढले.

आन्सेल्म जगला. पण रोज अंथरुणाला पाठ टेकली की विचारायचा, "जळतेय का गं?"

सोलांज दिवा त्याच्या तोंडाजवळ धरायची. "जळतेय, बाबा."

आजही उतरणाऱ्याच्या घरचेच माणूस मेणबत्ती धरते. विझली तर "विझली" एवढेच म्हणायचे आणि पीप त्या दिवसापुरते झाकायचे. 'वारा' हा शब्द मात्र कोठारात कुणी उच्चारत नाही. गोष्टीत तो आला की ओनोरे उंबऱ्याबाहेर जातो, तिथून सांगतो, आणि मगच आत येतो.